नेवातिम : वाळवंटातले सहकारी गाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सहकार म्हटला की आपल्याला पतपेढी नाहीतर साखर कारखाना आठवतो. अख्खे गावच सहकारी असले तर काय होते, ते आज सांगायचे आहे.

इस्रायलात अशा गावाला ‘मोशाव’ म्हणतात. पहिले नहलाल, १९२१ सालचे. तिथे चूल ज्याची त्याची, घर ज्याचे त्याचे. जमीन मात्र पट्ट्याने मिळालेली आणि सर्वांना सारखी. बीखत एकत्र घ्यायचे, माल एकत्र विकायचा, मजूर लावायचा नाही. (हा शेवटचा नियम पुढे ढिला पडलाच.)

कोकणातले आपले मराठी बोलणारे बेने इस्रायल तिकडे बहुतेक शहरांत राहिले. कोचीचे यहुदी मात्र १९५४ साली बेरशेबाजवळच्या नेवातिमला शेती करायला आले. हत्तीरोगाच्या धास्तीने तिथल्या अधिकाऱ्यांनी त्यांना कित्येक वर्षे अडवून ठेवले होते. बरे, आले ते बहुतेक व्यापारी आणि दुकानदार. कोचीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, इथे जेमतेम दोनशे. तरीही गाव टिकले. पुढे तिथे काचघरांतून फुलेही पिकली.

मला विचारात पाडतो तो परस्पर जामिनकीचा नियम. एकाने कर्ज काढले की सारे जामीन. सुगीच्या वर्षांत शेजाऱ्याच्या आधाराने माणूस तगला. पण १९८०च्या दशकात महागाई आणि व्याज भडकले, तेव्हा कितीतरी मोशावांत ज्यांनी काटकसर केली त्यांच्याही दारात दुसऱ्याची कर्जे येऊन उभी राहिली. आपल्या भिशीतही एखादी हप्ता चुकवते, तेव्हा आपण कुजबुजतो. इथे तर घरादाराचा प्रश्न.

दुसरा नियम वारशाचा. शेताचे तुकडे करायचे नाहीत. एकाच मुलाने किंवा मुलीने ते चालवायचे. आपल्याकडे खातेफोड होऊन वावरांच्या पट्ट्या झाल्या, त्यामानाने हे शहाणपणाचे. पण उरलेल्या लेकरांनी जायचे कुठे? ते दुःख आईच्याच पदरी.

येताना या बायकांनी मलयाळम् गाण्यांच्या हस्तलिखित वह्याही आणल्या. लग्नसमारंभांत म्हणायची गाणी ती. १९७०च्या दशकात अभ्यासकांचे त्या वह्यांकडे लक्ष गेले आणि गाणी ध्वनिमुद्रित होऊ लागली. तोपर्यंत त्यांच्या मुलांच्या तोंडी हिब्रू बसली होती. वह्या वाचून दाखवायला आज्यांनाच बोलवावे लागे.