केक नाही, सांदणं!

मे महिन्यात म्हसळ्याला भाचीचा चौथा वाढदिवस झाला. तिच्या मैत्रिणीला दूध, अंडं, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. गेल्या वर्षी एका पार्टीत केकच्या एका घासाने तिचे ओठ सुजले. तेव्हापासून प्रत्येक वाढदिवसाला ती आपला डबा घेऊन बाजूला बसायची.

यंदा आईने तिच्या आईला आधी विचारलं आणि सगळ्यांसाठी सांदणं केली. तांदळाचा रवा, आंब्याचा रस, गूळ, नारळाचं दूध. भांडी आधी स्वच्छ घासली. वाट्यांना तूप किंवा शेंगदाणा तेल नाही, खोबरेल लावलं. वेफर्सच्या पाकिटावरची अ‍ॅलर्जीची ओळ मी वाचली. नियमाने ती छापावीच लागते.

त्या दिवशी तिचा डबा उघडलाच नाही. म्हणून सांगतो, आमंत्रणाच्या मेसेजमध्ये वेळेखाली एवढंच विचारा: बाळाला काय चालत नाही?