जुन्या तोटीचा दिवा

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका सभासदाने केलेल्या भाषणाचा सारांश)



आपल्या इमारतीतले लोखंडी पाइप काढून प्लॅस्टिकचे बसवायचं काम चालू आहे. बोअरच्या क्षारांनी २५ वर्षांत जुने पाइप आतून बुजत आणले, तेव्हा ते जाणारच. पण जिन्याखालच्या ढिगातल्या पितळी तोट्या किलोवर भंगारात देण्याआधी थोडं ऐका. त्यांचे छान दिवे होतात.

रीत सोपी आहे. तळाला रुंद, जड फ्लँज. त्यात फूटभर अर्ध्या इंची पाइप, वर ‘टी’. टीच्या वरच्या तोंडाला बल्बचा होल्डर, बाजूच्या तोंडाला तोटी. तोटी फक्त शोभेची. आतली वाट अरुंद असते, म्हणून वायर तिच्यातून नेऊ नका. पितळ चिंच-मिठानं घासा. जोड सगळे आट्यांचेच ठेवा. या पाइपला वेल्डिंग नको, जस्ताचा धूर बाधतो.

आता महत्त्वाचं. आत वायर सोलली गेली, तर अख्ख्या दिव्यात करंट उतरतो. म्हणून पाइपची कापलेली धार कानशीनं घासून घ्या. तीन तारांची वायर वापरा, हिरवी तार पाइपला स्क्रूनं पक्की करा, प्लग तीन पिनांचाच लावा. घरचं अर्थिंग नीट आहे का, तेही वायरमनकडून तपासून घ्या. बल्ब एलईडीचा बरा, कमी तापतो.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? दिवे बाजारात मिळतातच की! मिळतात. पण आपल्याकडं तोटी ही नुसती वस्तू नाही. निजामशाहीच्या काळात बीडच्या खजाना विहिरीचं पाणी जमिनीखालच्या नहरींतून, नुसत्या उतारानं शेतापर्यंत नेलं. आणि २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पाण्याची वाट बघत तोटीखाली घागर लावून बसणं आपल्या आया-बहिणींनी किती काढलंय! जिन्यातला दिवा बघून एखादं पोर विचारील, “आजी, दिव्याला तोटी कशाला?” मग आजीकडं सांगायला पुष्कळ असेल.

तोट्या सोसायटीच्या मालकीच्या आहेत. म्हणून सूचना मांडतो : भंगाराचे पैसे सोसायटीच्या खात्यात जमा व्हावेत, पण मजल्यागणिक एक तोटी राखून ठेवावी. भंगारवाला यायच्या आत ठरवू या.