मॉरिशस : सहल आणि स्मरण



मॉरिशस म्हटले की निळे पाणी, पांढरी वाळू आणि नवविवाहित जोडपी डोळ्यांपुढे उभी राहतात. हे बेट जेमतेम दोन हजार चौरस किलोमीटरचे. त्याला बहुतेक सर्व बाजूंनी प्रवाळाचे कडे आहे. लाटा दूरवरच फुटतात आणि किनाऱ्याजवळचे पाणी तळ्यासारखे संथ राहते. आमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली, म्हणून मुलांनी सुक्कोथनंतर आम्हांस तेथे नेले. दोन मुलगे, सुना, तीन नातवंडे आणि आम्ही दोघे. स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेतले, भांडी घरूनच नेली. खवल्यांची मासळी आणि ओला नारळ बाजारात मिळाला आणि आमच्या मंडळींनी असे कालवण केले की अलिबागला असल्याचा भास व्हावा. नातवंडे दिवसभर पाण्यात असत. सहल म्हणून ती आनंदाचीच झाली, हे प्रथम सांगतो.

परंतु मला सांगायचे आहे ते एका सकाळविषयी. आणि त्यासाठी थोडा इतिहास सांगणे भाग आहे.

1940 साली व्हिएन्ना, प्राग, डान्झिग येथून नाझींच्या तावडीतून सुटलेले यहुदी ‘अटलांटिक’ नावाच्या जहाजातून हैफाच्या बंदरात पोहोचले. समोर कार्मेलचा डोंगर दिसत होता. पण त्यांच्याजवळ परवाने नव्हते. ब्रिटिश सरकारने सुमारे 1,580 स्त्री-पुरुष व मुलांना डिसेंबरमध्ये पुन्हा जहाजांवर चढविले आणि मॉरिशसला धाडले. युद्ध संपले तरी तुम्हांला पॅलेस्टाईनमध्ये प्रवेश नाही, असेही बजावले. तेथे बो बासाँ गावच्या तुरुंगात पुरुषांना कोठड्यांत ठेवले. स्त्रिया व मुले शेजारच्या पत्र्याच्या झोपड्यांत. विषमज्वर आणि हिवताप यांनी माणसे मरू लागली. तरीही त्या लोकांनी आत प्रार्थनास्थळ मांडले, मुलांची शाळा चालविली. काही तरुण तेथूनच दोस्तराष्ट्रांच्या सैन्यात भरती झाले. पावणेपाच वर्षांनी, ऑगस्ट 1945 मध्ये, बहुतेक मंडळी हैफाला परत आली. सव्वाशेच्या आसपास माणसे मात्र तेथील मातीतच राहिली.

बांबूस गावाजवळ, सेंट मार्टिन येथे, त्यांची दफनभूमी आहे. आम्ही त्या सकाळी तेथे गेलो. आमचा गाडीवान जवळच्याच कास्कावेल गावचा मराठी माणूस. त्याचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून आले. घरी तो क्रिओल बोलतो. मराठी शाळेत शिकलेला. ‘तुम्ही यहुदी, आणि तुमची भाषा मराठी?’ असे त्याने तीनदा विचारले. मग म्हणाला, ‘आमचेही लोक जहाजातूनच उतरले.’ दफनभूमीच्या फाटकापाशी त्याने चपला काढल्या.

ओळीने कबरी आहेत. दगडांवर नावे आहेत. बारा वर्षांची माझी नात एकेक नाव मोठ्याने वाचू लागली. एका दगडापाशी थांबून तिने विचारले, ‘आजोबा, यांच्याकडे कोण येतं?’

बंधूंनो, नवगावला आपल्यापैकी बहुतेकजण गेले आहेत. आपले पूर्वज जहाज फुटून तेथे लागले आणि जे बुडाले त्यांना वाचलेल्यांनी त्याच किनाऱ्यावर पुरले, असे आपल्या वाडवडिलांनी सांगितले. त्या मृतांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. तरी आपण जातो. नाव माहीत नसलेल्यांचे स्मरण ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले, त्यांनी नावे कोरलेल्यांकडे पाठ फिरवावी काय? हे लोक अश्केनाझी होते, आपले कोणी नव्हेत, असे म्हणणारे निघतील. माझे उत्तर एवढेच : त्यांना जेथे पोहोचायचे होते, तेथे आज आपण बसलो आहोत. आपण विमानाने आलो. आपल्याला कोणी बंदरातून परत धाडले नाही.

त्या सकाळी मला कद्दिश म्हणावयाचे होते. पण मिनयानला दहा पुरुष लागतात. आम्ही होतो चार : मी, दोघे मुलगे आणि गेल्या वर्षी बार मित्सवा झालेला नातू. गाडीवान म्हणाला, ‘मी उभा राहू का?’ त्याला कारण समजावून सांगितले. तो तरी उभा राहिलाच, थोडा दूर, हात जोडून. आम्ही तेहिलिम वाचले, कबरींवर खडे ठेवले आणि निघालो. दुपारी मुले पुन्हा समुद्रात उतरली. मी त्यांना अडविले नाही. त्या तुरुंगातील मुलांनाही हाच समुद्र हवा असणार.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे आता दूरदेशी सहलींना जातात. जावे, आनंद करावा. परंतु निघण्यापूर्वी एवढे विचारावे की त्या गावी आपले कोणी निजले आहे काय. असल्यास एक सकाळ त्यांच्यासाठी राखावी. आणि मंडळी मोठी असल्यास दहाजण जमवून जावे.

आता अर्वीतची वेळ झाली आहे. मी मोजले, आज आपण येथे एकोणतीस पुरुष आहोत. सेंट मार्टिनला जे म्हणता आले नाही, ते आज माझ्याबरोबर म्हणावे, ही विनंती. नातीने काही नावे वहीत उतरवून आणली आहेत. तेफिलेपूर्वी ती वाचील.