आधी प्रकृती, मग प्रवास, मग सामना
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



माझा सारा जन्म मैदानावर गेला. मला शिट्टी वाजवण्याची सवय, भाषणाची नाही. त्यामुळे बोलण्यात काही उणे राहिले तर सांभाळून घ्यावे.

चिटणीसबाईंनी सुचवले होते की, 'स्त्रिया आणि खेळ' या विषयावर बोला. पण विषय फार मोठा आहे. मी त्यातला एक लहानसा, रुक्ष वाटणारा कोपरा निवडला आहे : महाविद्यालयातल्या मुली स्पर्धेला परगावी जातात, तेव्हा त्यांची प्रकृती कोण तपासतो आणि त्यांना नेण्या-आणण्याची व्यवस्था कोण पाहतो? बक्षीस-समारंभात या गोष्टींचा उल्लेख कधी होत नाही. पण माझा अनुभव असा की, सामना हरणे-जिंकणे पुष्कळदा इथेच ठरते. आणि कधी कधी मुलीचा सारा खेळच इथे संपतो.

गोष्ट १९८८ सालची. मुलींच्या खो-खो संघाची व्यवस्थापिका म्हणून मी आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी परप्रांतात निघाले होते. बारा मुली, बारा वळकट्या आणि मी. निघण्याच्या आदल्या दिवशी तंदुरुस्तीचे दाखले हवे होते. डॉक्टरांनी एकाच बैठकीत बाराही दाखल्यांवर सह्या केल्या; एकाही मुलीची नाडी पाहिली नाही. मीही ते कागद समाधानाने पिशवीत घातले. आरक्षण वेळेवर झालेले नव्हते. बावीस तास आम्ही डब्याच्या दाराशी, संडासाजवळ, सामानावर बसून काढले. मुली पाणी मागत नव्हत्या. मला वाटले, किती सोशिक आहेत! पुढे कळले की, त्या तहान मारत होत्या. पाणी प्यायले तर त्या गर्दीतून उठून जावे लागेल म्हणून.

रात्री पोचलो, सकाळी सामना. आमची सर्वांत चपळ मुलगी पहिल्याच तुकडीत पळायला उतरली. खांबाजवळ हुलकावणी देता देता ती जी कोसळली, ती उठलीच नाही. इस्पितळात रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन ७.२. बाईच्या रक्तात ते निदान १२ असावे लागते. आठाच्या खाली गेले की तो गंभीर पांडुरोग. अशा अंगाने ती महिनाभर रोज दोन तास माझ्यासमोर पळत होती, आणि धाप लागली की मी म्हणत होते, "आळस करू नकोस."

मुलगी बरी झाली. पण घरच्यांनी तिचा खेळ बंद केला. तिने मला पत्र लिहिले. त्यात एकच प्रश्न होता : "बाई, आधी तपासणी झाली असती, तर तुम्ही मला संघात घेतलेच नसते ना?"

भगिनींनो, हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. कारण तो खरा होता. आपल्याकडे तपासणी म्हणजे गाळणी. मुलींना ठाऊक असते की, दुखणे सांगितले की नाव कापले जाते; म्हणून त्या सांगत नाहीत. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी तपासले, तर नाव कापण्यावाचून दुसरा उपायही हातात उरत नाही. मग ध्यानात आले की, चूक तपासणीची नव्हे, वेळेची आहे. स्पर्धा हिवाळ्याच्या सुमारास असतात. तपासणी श्रावणात केली, तर औषधाला दोन-तीन महिने मिळतात. तपासणी मुलीला गाळण्यासाठी नसून तिला सांभाळण्यासाठी असली पाहिजे.

दुसऱ्या वर्षी मी तसेच केले. बारांपैकी सात मुलींचे रक्त कमी निघाले. पण इथे मी आणखी एक चूक केली. साऱ्यांचे आकडे मी मैदानावर मोठ्याने वाचून दाखवले. एक मुलगी दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. "हिचे रक्त कमी आहे" ही बातमी सोयरिकीच्या घरापर्यंत जाईल, अशी तिच्या आईला धास्ती. तेव्हापासून ज्या मुलीचा आकडा, तो तिलाच एकटीला सांगायचा, असा मी नियम केला.

औषध काही महागाचे नव्हते. डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या आणि जंताचे औषध. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. शौचास काळे होते, त्याला घाबरू नये. आणि आकडा वर आला तरी गोळ्या आणखी तीनेक महिने चालू ठेवाव्या. त्याखेरीज मी मुलींना सांगे, श्रावणातल्या उपासाला नुसत्या साबुदाण्यावर दिवस काढून सरावाला येऊ नका. यावर काही आया माझ्यावर रागावल्या, ते वेगळे!

हे दुखणे चार-दोन मुलींचे नव्हे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी शेकडा ५७ जणींना पांडुरोग आढळला. याच सभागृहात आपण किती जणी आहोत, याचा हिशेब मनातल्या मनात करावा.

आता प्रवासाचे. यात माझे नियम घरगुती आहेत. आरक्षणाखेरीज निघायचे नाही. सामन्याच्या निदान एक दिवस आधी पोचायचे. गाडी अपरात्री पोचली, तर उजाडेपर्यंत स्टेशनच्या प्रतीक्षालयातच थांबायचे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि भरपूर पाणी बरोबर. उतरण्याच्या जागी गेल्यावर मी आधी दाराची आतली कडी पाही आणि मग संडास. पाळी आलेल्या मुलीची सोय काय, हे संयोजकांना न लाजता विचारी. कोणी मुलगी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेत असेल, तर तिला डॉक्टरांकडे नेई.

हे सारे गरिबीमुळे होते, पैसा असला की आपोआप सुधारते, असे मला वाटत असे. तो भ्रम २०२१ साली गेला. करोनाच्या साथीत अमेरिकेतल्या महाविद्यालयीन मुलींची मोठी बास्केटबॉल स्पर्धा व्हायची होती. गावोगावचे ६४ संघ फिरत राहिले तर रोग पसरेल, म्हणून सारे संघ टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो आणि आसपासच्या भागात आणले. निघण्यापूर्वी प्रत्येकीच्या लागोपाठ सात तपासण्या निर्दोष हव्या होत्या. पोचल्यावर पुन्हा तपासण्या होईपर्यंत आपापल्या खोलीत एकांतवास, आणि पुढे रोज तपासणी. केवढी ही शिस्त! वाचून मी थक्क झाले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्याच वेळी मुलांची स्पर्धा इंडियानापोलिस शहरी चालू होती. तिथे मुलांसाठी पीसीआर ही अधिक अचूक तपासणी, तर मुलींसाठी झटपट होणारी, कमी अचूक अँटिजेन तपासणी. मुलांना व्यायामाचे भले मोठे दालन, मुलींना डंबेल्सची एक लहानशी मांडणी आणि काही सतरंज्या. ओरेगॉनच्या संघातील सेडोना प्रिन्स या मुलीने त्याचे चित्रण साऱ्या जगाला दाखवले. जागा नव्हती, असे कारण पुढे आले होते. तिने मोकळी पडलेली जागाही दाखवली! मग साधने आली, चौकशी झाली, आणि २०२२ पासून मुलींच्या स्पर्धेतही मुलांप्रमाणे ६८ संघ खेळू लागले.

त्या २०२१ च्या स्पर्धेत स्टॅनफर्डच्या मुली ५४ विरुद्ध ५३, अवघ्या एका गुणाने जिंकल्या. साथीच्या निर्बंधांमुळे हा संघ त्या हंगामात दोन महिन्यांहून अधिक काळ आपल्या मैदानापासून दूर, गावोगाव हॉटेलांत राहून खेळला होता. अशी नेटकी व्यवस्था असली की मुली काय करतात ते पाहा. आणि जिथे श्रीमंती आहे तिथेही मुलींच्या वाट्याला हलके येऊ शकते, तेही पाहा. तेव्हा हा प्रश्न नुसत्या पैशाचा नाही. कोणीतरी बोट दाखवून विचारावे लागते.

ते विचारण्याचे काम आपले मंडळ करू शकेल. आपल्या भागातल्या महाविद्यालयीन मुलींसाठी दरवर्षी श्रावणात रक्ततपासणी ठेवावी आणि ज्यांचे रक्त कमी निघेल त्यांची तीन महिन्यांनी पुन्हा करावी. मुलगी स्पर्धेला निघाली की तिच्या आईने चार प्रश्न विचारावेत : आरक्षण झाले का? बरोबर बाई आहेत का? उतरण्याची जागा कोणती? आजारी पडली तर कोणाला कळवाल? उत्तरे मिळाली, तर मुलीला निर्धास्त पाठवावे. न मिळाली, तर तिला घरी बसवू नये. उत्तरे मिळेपर्यंत महाविद्यालयात जाऊन बसावे!

त्या मुलीच्या पत्राला मी वर्षभराने उत्तर लिहिले. "तुझी तपासणी मी आधी केली असती, तर तुला औषध देऊन, बरी करून, संघात घेतले असते. ते मी केले नाही, ही चूक माझी. तुझ्या अंगाची नाही." ती पुन्हा मैदानावर आली नाही. पण पुढच्या माझ्या प्रत्येक संघाची तपासणी श्रावणात झाली, ती तिच्यामुळे.

मंडळाला उदंड आयुष्य लाभो, आणि आपल्या मुली धडधाकट जावोत, धडधाकट परत येवोत, एवढे बोलून मी आपली रजा घेते.