जंतूंच्या वासावरून जंतूंची ओळख
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेले भाषण)



विज्ञानातील एखाद्या नव्या विषयावर सर्वांना समजेल असे बोलावे, अशी चालकांची सूचना होती. फुप्फुसात शिरलेल्या रोगजंतूंना त्यांनी सोडलेल्या वायूंवरून कसे ओळखता येईल, हा विषय मी घेतला आहे. विषय नवा असला तरी त्याचा पाया आपल्या स्वयंपाकघरात आहे. दूध नासले की नाही, हे घरातली बाई पातेल्यावरचे झाकण उचलताच सांगते. खमिरी रोटीचे पीठ आले की नाही, हेही नाकालाच आधी कळते. उत्तनच्या कोळणीला बोंबील वाळला की कुजू लागला, हे जवळ जाऊन पाहावे लागत नाही. हे वास डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या कामाचे असतात. तेही खातात, वाढतात आणि त्यातून निरनिराळे वायू बाहेर टाकतात. प्रत्येक जातीचे खाणेपिणे वेगळे, म्हणून त्या वायूंचे मिश्रणही वेगळे.

वैद्य, हकीम आणि डॉक्टर यांना वासाचे महत्त्व पूर्वीपासून ठाऊक आहे. मधुमेह फार बळावला की ॲसिटोनमुळे रोग्याच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. फुप्फुसात गळू होऊन हवेशिवाय वाढणारे जंतू माजले की बेडक्याला असह्य दुर्गंधी येते; डॉक्टर तेवढ्यावरून जंतूंची जात ताडतात. स्यूडोमोनास नावाचा जंतू प्रयोगशाळेच्या बशीत वाढला की द्राक्षासारखा वास सुटतो, आणि हाच जंतू हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायूही थोड्या प्रमाणात सोडतो.

परंतु माणसाच्या नाकाला मर्यादा आहे. १९७१ साली लायनस पॉलिंग या थोर रसायनशास्त्रज्ञाने उच्छ्वासात सुमारे २५० निरनिराळी द्रव्ये असल्याचे दाखवून दिले. त्यांतली बहुतेक इतकी अल्प असतात की त्यांचा पत्ता यंत्रालाच लागावा. मास स्पेक्ट्रोमीटर हे असे एक यंत्र आहे. ते वायूच्या कणांना विद्युतभार देते आणि त्यांच्या वजनाप्रमाणे त्यांची वर्गवारी करते. अमेरिकेतील व्हरमाँट विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांच्या फुप्फुसांत जंतू सोडले व त्यांचा उच्छ्वास या यंत्रातून तपासला. स्यूडोमोनास कोणता आणि स्टॅफिलोकोकस कोणता, हे काही मिनिटांत ओळखता आले. एवढेच नव्हे, तर स्यूडोमोनासचे दोन पोटप्रकारही निराळे दिसले. बोटांच्या ठशांप्रमाणे श्वासाचाही ठसा असतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

मिनिटांचे एवढे कौतुक का, असे कोणी विचारील. नेहमीच्या पद्धतीत रोग्याचा बेडका घेऊन त्यातले जंतू बशीत वाढवावे लागतात. साध्या जंतूंना एकदोन दिवस पुरतात. क्षयाचा जंतू मात्र फार मंद. काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, तर याला पंधरा ते वीस तास लागतात. त्यामुळे त्याची वाढ दिसायला कित्येक आठवडे जातात. तोवर रोगी घरात खोकत असतो, लोकलच्या गर्दीतून कामाला जात असतो.

म्हणूनच क्षयाच्या वासाचाही शोध चालू आहे. टांझानियात २००७ सालापासून मोठ्या आफ्रिकी उंदरांना बेडक्याचे नमुने हुंगण्याचे शिक्षण देऊन कामाला लावले आहे. असा एक उंदीर शंभर नमुने सुमारे वीस मिनिटांत हुंगतो. त्याने दाखवलेले नमुने माणसे पुन्हा तपासून खात्री करतात. आपल्या देशातही २०११ साली नवी दिल्लीतील जनुकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय केंद्राला श्वासावरून क्षय ओळखणारे ‘विद्युत नाक’ तयार करण्यासाठी अनुदान मिळाले.

ही नुसती स्वप्ने नव्हेत. जठरात व्रण करणारा जंतू ओळखण्यासाठी रोग्याला युरिया पाजून नंतर त्याचा उच्छ्वास तपासण्याची पद्धत डॉक्टर आजही वापरतात. जंतू युरिया फोडतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो व श्वासात येतो. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकी सरकारने कोविडसाठी श्वासाच्या एका चाचणीस तातडीची परवानगी दिली. तिचा निकाल तीन मिनिटांच्या आत मिळत असे.

फुप्फुसातील जंतूंच्या बाबतीत मात्र अडचणी पुष्कळ आहेत. श्वासात खाल्लेला लसूण असतो, पान-तंबाखू असते, विडीचा धूर असतो, तोंडातल्या जंतूंचा वास असतो. एकच वायू दोन जातींचे जंतू सोडतात आणि कधी आपले शरीरही तोच तयार करते. म्हणून हे तंत्र अजून आपल्या दवाखान्यांत रोजच्या वापरात आलेले नाही.

तर मग आपण काय करावे? यंत्राची वाट पाहत बसावे? मुळीच नाही. या संशोधनाचे सार एकच आहे: आधी जंतू ओळखा, मग औषध द्या. ते आजही आपल्या हाती आहे. बेडक्यातील जंतूंची जनुके ओळखणारे ‘ट्रूनॅट’ हे यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यातील कंपनीने बनवले, आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. क्षय आहे की नाही, हे ते सुमारे तासाभरात सांगते. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून रोग्याला आहारासाठी दरमहा १,००० रुपये देण्याची योजना आहे.

इतके असूनही आपल्याकडे काय घडते? दोन आठवडे खोकला झाला तरी औषधाच्या दुकानातून कसल्या तरी गोळ्या आणल्या जातात. बरे वाटले की त्या अर्ध्यावर सुटतात. मुलीला क्षय झाला तर लग्न जमणार नाही, म्हणून शेजाऱ्यांनाच काय, सख्ख्या मावशीलाही कळू देत नाहीत. याची किंमत मोठी आहे. तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रोगी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी नोंदवल्याची बातमी २०१२ साली जगभर गाजली. अशा रोग्यांना आधी बेशिस्त, अर्धवट औषधे मिळाली होती, हे त्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

क्षय एकापासून दुसऱ्याला लागतो, हे इब्न सीनाने हजार वर्षांपूर्वी ओळखले होते. आजारी पडलो तर इलाज करून घ्यावा, ही आपल्या धर्माची शिकवण आहे. रोग लपवणे ही शिकवण कोणाचीच नाही. मीरा-भाईंदरमधील लहान लहान खोल्यांत पाच-सहा माणसे एकत्र झोपतात. एकाचा लपवलेला खोकला म्हणजे साऱ्या घराचा खोकला. माता-भगिनींनो, खिडक्या उघड्या ठेवा. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर बेडका तपासून घ्या आणि डॉक्टर थांबवीपर्यंत औषध थांबवू नका. पुरा इलाज घेतलेली मुलगी बरी होते, शिकते, संसारही करते.

विद्यार्थी मित्रांनो, अखेरची गोष्ट तुमच्यासाठी. श्वासाच्या ठशांचे हे काम एकट्या डॉक्टरचे नाही. त्याला रसायनशास्त्र लागते, पदार्थविज्ञान लागते, आणि आकड्यांच्या ढिगातून अर्थ काढणारे गणितही लागते. गणिताची भीती बाळगून विज्ञान शाखा सोडू नका, आणि पालकांनी मुलींना दहावीनंतर घरी बसवू नये. आपल्या वस्तीतील हवेतल्या रोगाचा माग आपल्याच वस्तीतील मुलामुलींनी काढावा, यापेक्षा या संस्थेच्या श्रमाचे मोठे चीज कोणते?