बाबा म्हणाले, "गाडी उलाळ भरलीयस"

(एपिसोडचा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसेल किंवा लोकलमध्ये नेटवर्क जात असेल, तर वाचा.)

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यूच्या टिप्स नाहीत, व्हिसाची रडगाणी पण नाहीत. आज एका गाडीची गोष्ट सांगतो. खरं तर दोन गाड्यांची. एक माझी, अमेरिकेतली. दुसरी बाबांची, बैलगाडी.

मी डेन्व्हरला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. कोविडनंतर इथल्या निम्म्या ऑफिसला कॅम्पिंगचं वेड लागलं, तसं मलाही लागलं. आधी पिकअप घेतला. मग एक सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरची वन बीएचके समजा. आत पलंग, शेगडी, बाथरूम सगळं असतं. त्याला स्वतःचं इंजिन नसतं. पिकअपच्या मागच्या हुकाला, म्हणजे हिचला, अडकवायचा आणि ओढत न्यायचा.

त्या उन्हाळ्यात आई-बाबा भारतातून आले होते. म्हटलं, यांना यलोस्टोन दाखवू. हॉटेलचं जेवण आईला चालत नाही, ट्रेलरमध्ये ती स्वतःचा वरण-भात लावेल. प्लॅन एकदम परफेक्ट. आम्ही चौघं निघालो. पुढे मी आणि बायको, मागे आई-बाबा.

डेन्व्हरहून वर जाताना वायोमिंगमध्ये इंटरस्टेट 80 लागतो. लॅरामी ते रॉलिन्स हा पट्टा वाऱ्यासाठी बदनाम आहे. सगळीकडे उघडं माळरान, झाड म्हणून नाही. वारा जास्त झाला की उंच आणि हलक्या गाड्यांना तिथे चक्क रस्ता बंद करतात. त्या दिवशी रस्ता चालू होता. वारा होता, पण चालवण्यासारखा. मी ताशी 68 मैलांवर होतो, म्हणजे साधारण 110 किलोमीटर. रस्ता उताराला लागला आणि डावीकडून एक अठरा चाकी ट्रक मला ओलांडून गेला.

मोठा ट्रक शेजारून जाताना त्याच्या नाकासमोरची हवा आधी तुमच्या ट्रेलरला बाहेर ढकलते. ट्रक पुढे गेला की तो धक्का अचानक संपतो. ट्रेलर एकदा हलला. मला वाटलं, ठीक आहे, थांबेल. तो परत हलला, आधीपेक्षा जास्त. तिसऱ्या हेलकाव्याला पिकअपचा मागचा भागच इकडून तिकडे फेकला जायला लागला. आरशात कधी ट्रेलरची डावी भिंत दिसायची, कधी उजवी.

मी काय केलं? जे कोणीही करेल तेच. ट्रेलर डावीकडे गेला की स्टिअरिंग उजवीकडे, उजवीकडे गेला की डावीकडे. हेलकावे वाढले. मग घाबरून ब्रेक दाबला. आणखी वाढले. मागून आईचा "अगं बाई गं" एवढाच आवाज आला. बायको ओरडली, "ट्रेलरचा ब्रेक! अरे, ट्रेलरचा ब्रेक!"

डॅशबोर्डच्या खाली एक छोटा कंट्रोलर असतो, त्याला एक लिव्हर असतो. तो सरकवला की फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात, पिकअपचे नाही. तिने मॅन्युअल वाचलं होतं. मी वाचलं नव्हतं. लिव्हर सरकवला, आणि कुणीतरी मागून दोरी ताणावी तसा ट्रेलर सरळ झाला. मी गाडी हळूहळू कडेला घेतली. पाच मिनिटं कोणीच काही बोललं नाही. माझे हात थरथरत होते.

मग बाबा खाली उतरले. त्यांनी ट्रेलरला एक चक्कर मारली. मागे सायकलींचा रॅक होता, त्यावर दोन सायकली. रॅक हलवून बघितला. मग विचारलं, "पाण्याची टाकी कुठं हाय?" मी म्हटलं, मागच्या बाजूला, चाकांच्याही मागे. "भरल्याली?" म्हटलं, हो, फुल. चाळीस गॅलन.

ते म्हणाले, "गाडी उलाळ भरलीयस की रं."

हा शब्द मी लहानपणानंतर पहिल्यांदा ऐकला. आमच्याकडे ऊस. बाबांनी पोरवयात कारखान्याला बैलगाडीनं ऊस घातलाय. बैलगाडीला आस एकच, मध्यावर. ओझं आसाच्या मागे जास्त झालं की पुढचं जू वर उचललं जातं आणि गळ्यातल्या पट्ट्यांनी बैलांचा गळा आवळतो. ती झाली उलाळ गाडी. पुढे फार जास्त भरलं, तर सगळा भार मानेवर येऊन बैल बसतो. म्हणून भरणारा माणूस मोळ्या अशा रचतो की मानेवर थोडं ओझं राहील. थोडंच, पण राहीलच.

मित्रांनो, मी बीटेक केलंय. कंट्रोल सिस्टीम्सचा पेपर चांगल्या मार्कांनी पास झालोय. आणि माझ्या ट्रेलरचा बग बाबांनी एका चकरेत सांगितला.

आता हे नेमकं काय असतं ते सांगतो. इंग्रजीत याला ट्रेलर स्वे म्हणतात. ट्रेलर हिचपाशी एका बिंदूवर फिरू शकतो, लंबकासारखा. वारा, खड्डा, शेजारचा ट्रक, काहीतरी त्याला धक्का देतंच. कमी वेगात टायर तो धक्का शोषून घेतात आणि हेलकावा आपोआप मरतो. वेग वाढत गेला की ही मरण्याची ताकद कमी कमी होते. एका वेगाच्या पुढे हेलकावा मरतच नाही, उलट प्रत्येक फेरीला वाढतो. तो घातक वेग किती, हे बऱ्याच अंशी तुम्ही सामान कुठे ठेवलंय यावर ठरतं. मागे जड भरलात तर तो वेग खाली येतो. माझा 68 च्या आत आला होता, आणि मला पत्ता नव्हता.

आणि माझं ते उलटं स्टिअरिंग? आपल्या भाषेत सांगायचं तर लॅग असलेला फीडबॅक लूप. डोळ्यांनी बघायचं, मेंदूनं ठरवायचं, हातांनी वळवायचं. एवढ्यात ट्रेलर दुसऱ्या बाजूला निघालेला असतो. म्हणजे मी त्याला थांबवत नव्हतो, झोपाळ्यावरच्या पोराला देतात तसा बरोबर वेळेवर धक्का देत होतो. पायातला ब्रेक पण वाईटच. पिकअप मंदावतो आणि हजारो पाउंडांचा ट्रेलर त्याला मागून ढकलतो, तेही तिरका असताना.

रॉलिन्सपर्यंत आम्ही 50 च्या खाली गेलो, हॅझर्ड लाइट लावून. रस्त्यात बाबांचा एकच प्रश्न. "हितं काटा कुठं हाय?" साखर कारखान्याचा माणूस, त्याला काट्याशिवाय चैन पडत नाही. तर अमेरिकेत हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर ट्रकवाल्यांसाठी वजनकाटे असतात. थोडे पैसे दिले की कोणीही गाडी घालू शकतं. गाडीची पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर, तिन्हींचं वजन वेगवेगळं मिळतं.

हिशेब सोपा आहे. एकदा ट्रेलर जोडून वजन करा, एकदा फक्त पिकअपचं. एकूण वजनातून पिकअप वजा केला की ट्रेलरचं वजन. आणि ट्रेलर जोडल्यावर पिकअपच्या चाकांवर जेवढं वजन वाढलं, तेवढं हिचवर येणारं ओझं. याला टंग वेट म्हणतात. बाबांच्या भाषेत, बैलाच्या मानेवरचं ओझं. हिचला भार वाटून देणाऱ्या सळ्या असतील, तर या मोजणीपुरत्या त्या सोडायच्या, नाहीतर आकडा चुकतो.

आमचा ट्रेलर निघाला 5,800 पाउंड, आणि हिचवर फक्त 440. म्हणजे साडेसात टक्क्यांच्या आसपास. अशा ट्रेलरसाठी हे ओझं 10 ते 15 टक्के असावं, असा इथला सर्वमान्य नियम आहे.

मग आम्ही टाकी रिकामी केली. एक गॅलन पाणी म्हणजे 8.3 पाउंड, चाळीस गॅलनचे झाले 330 पाउंडांच्या वर. दीडशे किलो पाणी मी ट्रेलरच्या शेपटीला बांधून फिरत होतो! सायकली आणि रॅक, साधारण शंभर पाउंड, काढून पिकअपमध्ये टाकले. परत काट्यावर. ट्रेलर 5,360, हिचवर 640. जवळपास 12 टक्के. बाबांनी पावती चष्मा लावून वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. ती अजून त्यांच्याकडे आहे.

तुमच्यापैकी कोणी इकडे ट्रेलर घेत असेल, भाड्याने का होईना, तर एवढं लक्षात ठेवा.

जड सामान चाकांच्या जवळ आणि किंचित पुढे. सगळं अगदी पुढच्या टोकाला पण कोंबू नका. दोन्ही टोकं जड झाली की ट्रेलर एकदा हलायला लागला की आवरत नाही. हिचवर फार ओझं आलं तर पिकअपची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल लागतं. शिवाय ते ओझं पिकअपच्या क्षमतेत मोजलं जातं, माणसं आणि सामानासकट. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर तो आकडा छापलेला असतो. तो फोटो काढून ठेवा.

ट्रेलर जमिनीला समांतर किंवा नाकाकडे किंचित झुकलेला हवा. नाक वर असेल तर जोडणीची उंची बदला. टायरची हवा निघताना, टायर गार असताना बघा. ट्रेलरच्या बऱ्याच टायरांची मर्यादाच ताशी 65 मैल असते, तेव्हा रस्त्यावरचा बोर्ड काही म्हणो, तुमची लिमिट वेगळी.

आणि हेलकावे सुरू झालेच तर स्टिअरिंग सरळ, घट्ट धरा. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. पायातला ब्रेक नको, फक्त ट्रेलरचा लिव्हर हलक्या हाताने. तो लिव्हर कुठे आहे हे रिकाम्या पार्किंगमध्ये हाताला शिकवून ठेवा. त्या क्षणी डोकं चालत नाही, माझं चाललं नव्हतं.

एक कबुली देतो. हेलकावे रोखणारा महागातला हिच माझ्याकडे त्या दिवशी पण लावलेला होता. त्याच्या भरवशावरच मी निवांत होतो. तो हिच चांगलाच आहे, आजही वापरतो. पण चुकीचं भरलेलं सामान तो सरळ करत नाही. छोटे हेलकावे दाबून टाकतो, एवढंच. त्यामुळे आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. लॉगमधले वॉर्निंग बंद केले म्हणजे प्रोग्राम सुधारला, असं नसतं ना? तसंच.

पुढे यलोस्टोन बघितलं. आईने ट्रेलरमध्ये वरण-भात लावला. बाबांना ओल्ड फेथफुलचं उंच उडणारं पाणी आवडलं, पण गावी फोन केला की ते काट्याचीच गोष्ट सांगत होते.

आता मी निघण्याआधी दरवेळी ट्रेलरला एक चक्कर मारतो, बाबांसारखी. पाणी मुक्कामाजवळ भरतो. आणि गावी गेलो की गळीत हंगामात ट्रॅक्टरमागे डुलत जाणारी उसाची डबल ट्रॉली दिसली, तर हॉर्न वाजवत घुसत नाही. लांब राहतो. ती कशी भरलीय हे मला माहीत नसतं.

चला, आज इथेच थांबतो. तुमच्या घरात असा एखादा जुना शब्द असेल, जो अचानक कामाला आला, तर मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवीन. काळजी घ्या, आणि गाडी उलाळ भरू नका!