साहेबाची शिवी बराकीपर्यंत पोचते
(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेवर माझा विषय 'तुरुंग सुधारणा : काल आणि आज' असा छापला आहे. 'काल' म्हटलं की 1894 चा कायदा आला, 1983 साली अहवाल देणारी मुल्ला समिती आली. ते आपल्याला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. तुरुंगाधिकारी म्हणून नोकरी केली आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालं, ते सांगायला आलो आहे. कैद्याला माणसासारखं वागवायचं असेल, तर आधी शिपायाला माणसासारखं वागवा. आमचे साहेब मात्र त्याला शिव्या घालतात.

(मागच्या रांगेतून : "असले साहेब सगळ्याच खात्यांत आहेत!" हशा.)

आहेत ना. पण बँकेतला कारकून शिवी खाऊन घरी जातो. तुरुंगात शिवी खाल्लेल्या माणसाच्या हातात काठी असते आणि त्याच्यासमोर, कुठेही जाता न येणारा माणूस बसलेला असतो. एवढा एक फरक लक्षात घ्या.

एक प्रसंग पाहा. सकाळची मोजणी चालली आहे. बंदी जोडीजोडीने उकिडवे बसलेत. आकडा एकाने कमी भरतो. तो बंदी दवाखान्यात आहे, नोंद करायची राहिली आहे. साहेब येतात आणि शे-दीडशे बंद्यांदेखत शिपायाला आईवरून शिवी घालतात. रांगेत कोणीतरी फिसकन हसतं. आता ह्याच शिपायाला रात्री त्याच बराकीबाहेर एकट्याने पहारा करायचा आहे. गेलेला वचक तो कसा परत मिळवणार? हसणाऱ्याला दुपारी मार बसला. चौकशी झाली, शिपाई दोषी ठरला. मारणं चूकच होतं, त्याला शिक्षा व्हायलाच हवी होती. पण सकाळच्या त्या शिवीचा चौकशीच्या कागदांत कुठेही उल्लेख नव्हता, आणि माझं भांडण तिथे आहे.

1971 चा अमेरिकेतला स्टॅनफर्ड विद्यापीठाचा प्रयोग आपण वाचला असेल. विद्यार्थ्यांमधून काहींना पहारेकरी केलं, काहींना कैदी. दोन आठवडे चालायचा तो सहा दिवसांत बंद करावा लागला. गणवेश चढवला की माणूस क्रूर होतो, असा निष्कर्ष पुढे कित्येक वर्षं शिकवला गेला. नंतर जुन्या ध्वनिफिती बाहेर आल्या. मवाळ वागणाऱ्या एका पहारेकऱ्याला प्रयोगातला 'वॉर्डन' कडक वाग म्हणून भरीस घालत होता! दोष एकट्या गणवेशाचा नव्हता, वरून जोर येत होता.

आणि वरून विश्वास आला तर? आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर घ्या. 1939 साली औंध संस्थानात खुली वसाहत उभी राहिली. भिंत नाही, बेड्या नाहीत. बंदी बायकामुलांसह राहतात, शेती करतात. मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा इंजिनियर त्या कल्पनेमागे होता. यावरूनच 1957 साली शांतारामबापूंनी 'दो आँखें बारह हाथ' काढला. कथा गदिमांची, आणि गदिमा आटपाडीकडच्याच माणदेशातले.   (सभागृहात एक आजी चित्रपटातलं गाणं गुणगुणतात. टाळ्या.) आजी, आपल्याला तो जेलर आठवतो, सहा कैदी आठवतात. पण औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी होकार दिला नसता, तर स्वतंत्रपूर उभं राहिलं असतं का? उद्या एक जरी बंदी पळाला असता तर बोल त्या राजाला लागला असता. तो धोका त्याने आपल्या अंगावर घेतला. वरिष्ठ म्हणतात तो असा. आज आमचा वरिष्ठ धोका खाली ढकलतो आणि श्रेय वर नेतो.

(अध्यक्षांची चिठ्ठी.) दहा मिनिटं उरलीत. बरं.

खात्यातली काही मंडळी समोर बसलेली दिसतात. मी खात्याची बदनामी करत नाही. क्षमतेच्या कितीतरी वर बंदी, माणसं अपुरी, अशा ठिकाणी डोकं शांत ठेवणारे अधिकारी मी पाहिले आहेत आणि त्यांच्याच हाताखाली शिकलो. पण ताण साहेबालाही असतो म्हणून शिवी क्षम्य, हे मला मान्य नाही. ताण शिपायालाही असतो.

आता सहन करणाऱ्यांसाठी. त्याच दिवशी, त्याच तारखेला लिहून ठेवा : वेळ, ठिकाण, शब्द जसेच्या तसे, कोण हजर होतं. अर्ज द्याल तर पोच घ्या, आवक क्रमांक घ्या. तोंडी हुकूम नियमात बसत नसेल तर लेखी मागा. 1979 च्या वर्तणूक नियमांतला तिसरा नियम तुमच्या बाजूने आहे. आकसाने मुदतीआधी बदली केली, तर 2005 च्या बदली कायद्यानुसार कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ती नसेल तर मॅटचा, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचा, दरवाजा आहे. गोपनीय अहवाल खराब केला तर तो तुम्हाला कळवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली सांगितलं आहे. एकट्याने भांडू नका. शेजारी उभ्या असलेल्या हवालदाराने साक्षीला यावं म्हणून आधी त्याच्या अडचणीत तुम्ही उभे राहिलेले असले पाहिजे.

(दुसरी चिठ्ठी.) एकच मिनिट, अध्यक्षसाहेब, हे सांगितल्याशिवाय खाली बसणार नाही. महिला शिपायांनो, लैंगिक छळाची तक्रार 2013 च्या कायद्याखाली तीन महिन्यांच्या आत करायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. 'सुभेदारांना विचारून बघते', 'बदली झाल्यावर बघू' असं म्हणत ती मुदत घालवू नका. तक्रार अंतर्गत समितीकडे द्या. आपल्या कार्यालयात समितीच नेमलेली नसेल तर तसंही लेखी कळवा आणि जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. नियमांचे कागद मी बरोबर आणले आहेत. ज्यांना हवेत त्यांनी आता व्यासपीठाजवळ यावं.